दानाचे अन्न आणि गावाचे शेत

आपत्तीच्या काळी गावात बाहेरून अन्न येते. ते कधी शासनाकडून येते, कधी धर्मादाय संस्थांकडून, तर कधी समुद्रापलीकडील देशांतून. पोती उतरतात, चुली पेटतात, मुलांच्या रांगा लागतात आणि काही महिन्यांनी पोती येणे बंद होते. चूल विझल्यानंतर गावात काय उरते, हा प्रश्न ग्रामकार्यकर्त्याने पहिल्या पोत्याबरोबरच स्वतःला विचारला पाहिजे. अन्नदानाची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. भुकेल्याला घास देणे हे पहिले कर्तव्य होय, आणि त्यापुढे कोणताही युक्तिवाद टिकत नाही. परंतु दानाचे अन्न गावाला काही मुदत मिळवून देते, त्यापलीकडे ते काही करू शकत नाही. त्या मुदतीत गावाने आपल्या लहान मुलांच्या अन्नाची तजवीज आपल्याच शेतात कशी करावी, याचा विचार या पाठात केला आहे.

बाहेरच्या मदतीचा आपला अनुभव बराच जुना आहे. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीकडून दुधाची भुकटी येई आणि ती पाण्यात कालवून मुलांना पाजली जाई. भुकटी चांगली होती, तिच्यात प्रथिने भरपूर होती. पण साय काढलेल्या दुधाची असल्यामुळे तिच्यात स्निग्धांश नव्हता, आणि स्निग्धांशाबरोबर राहणारे अ जीवनसत्त्वही निघून गेलेले असे. शिवाय ज्या पाण्यात ती कालवावयाची ते पाणीच अशुद्ध असले, तर दुधाबरोबर हगवणही पोटात जाई. वस्तू उत्तम असूनही ती वापरण्याची परिस्थिती उत्तम नसेल तर काय होते, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

याच भुकटीची दुसरी कथा गुजरातेत आणंद येथे घडली. खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांच्या सहकारी संघाला युनिसेफने भुकटी वाटावयास दिली नाही, तर भुकटी तयार करण्याची यंत्रसामग्री दिली. तिच्या मोबदल्यात संघाने गरीब मुलांना दूध मोफत पुरवावे, अशी अट होती. हा कारखाना १९५५ साली सुरू झाला. पुढे १९७० साली दुग्धविकासाची देशव्यापी मोहीम हाती घेण्यात आली, तेव्हा युरोपीय देशांनी जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत दिलेली भुकटी व लोणीतेल फुकट वाटण्यात आले नाही. त्यापासून दूध तयार करून ते शहरांत विकण्यात आले आणि आलेल्या पैशातून दुग्धशाळा व गावोगावच्या सहकारी संस्था उभारण्यात आल्या. तो माल बाजारात फुकट ओतला असता तर आपल्याच गवळ्याच्या दुधाचा भाव पडला असता. दानाच्या धान्याचे शेतकऱ्याशी असलेले हे नाते फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. शेतकऱ्याच्या मात्र ते लगेच लक्षात येते.

महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ सांगावा लागत नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी मिळे आणि शिधावाटप दुकानांत मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी येई. मिलोने पोट भरले, परंतु तिची भाकरी लोकांच्या घशाखाली सुखाने उतरली नाही. सुकडी मात्र लोकांनी आवडीने खाल्ली. हा भेद चवीपुरता समजू नये. जे अन्न घरातील तव्याला, चुलीला आणि जिभेला परके असते ते संकटापुरतेच खाल्ले जाते आणि संकट सरताच विसरले जाते. भाजलेल्या पिठात गोड घालून केलेला पदार्थ मात्र आपल्या घरात पूर्वापार आहे आणि गावाला तो बाहेरून आणावा लागत नाही. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

उपासमार कोणाची होते?

दुष्काळ असो वा नसो, प्रत्येक गावात एक छोटा दुष्काळ दरवर्षी येतो. मृग बरसला की कणगीचा तळ दिसू लागतो. आषाढ, श्रावण आणि भाद्रपद हे तीन महिने नवे पीक शेतात उभे असते व जुने संपलेले असते. याच दिवसांत निंदणी-खुरपणीच्या कामाला बायांना पहाटेच घर सोडावे लागते, पाणी गढूळ होते आणि मुलांना हगवण लागते. आदिवासी भागांत या दिवसांसाठी खावटीची योजना १९७८ पासून राबविण्यात आली ती उगीच नव्हे. तीन संकटे एकाच वेळी ज्याच्यावर कोसळतात तो जीव म्हणजे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे मूल. मोठा माणूस दोन महिने अर्धपोटी राहिला तर वाळतो आणि सुगीला पुन्हा भरून येतो. मुलाचे तसे नाही. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे कितीही खाऊ घातले तरी पुरती भरून निघत नाही.

अशा मुलाला काय द्यावे, याविषयी एक गैरसमज पुष्कळ वर्षे चालत आला. गरीब देशांतील मुलांना प्रथिनांची तूट आहे, म्हणून त्यांना प्रथिनांच्या खास भुकट्या द्याव्यात, असे १९५० व १९६० च्या दशकांत मोठमोठे तज्ज्ञ सांगत. या मताला ज्यांनी आकड्यांच्या आधारे विरोध केला त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रणी होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. आपले नेहमीचे धान्य आणि डाळ पोटभर मिळाली तर तिच्यातूनच बहुतेकांची प्रथिनांची गरज भागते; खरी तूट एकंदर अन्नाची, म्हणजे उष्मांकांची आहे, असे त्यांनी दाखवून दिले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन यांचेही निष्कर्ष याच दिशेचे होते. ज्याला आपण कॅलरी म्हणतो तो उष्मांक पुरेसा मिळाला नाही, तर शरीर प्रथिनांचेच सरपण करते. मग महागडी भुकटी चुलीत घातल्यासारखी होते.

तेव्हा डाळ-भाकरी पुरेशी आहे, असे कोणी म्हणेल. मोठ्या माणसाला ती पुरेशी आहे. लहान मुलाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. आठ किलो वजनाच्या वर्षाच्या मुलाच्या पोटात एका वेळी सुमारे एक वाटी अन्न मावते. अंगावरचे दूध चालू असताही वर्षापुढील मुलाला दिवसाकाठी वरच्या अन्नातून सुमारे ५५० उष्मांक हवे असतात. आता आई जी पातळ पेज पाजते ती पाहू. वाटीभर पाण्यात मूठभर, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम पीठ शिजविले तर तिच्यात ८५ ते ९० उष्मांक असतात. ५५० भरण्यास अशा सहा वाट्या लागतील. पहाटे शेतावर जाणारी आई सहा वेळा पेज कशी पाजणार? ती दोनदा पाजते. मूल रडत नाही, कारण पोट पाण्याने भरलेले असते. उपासमार होत आहे हे आईला कळत नाही, बापाला कळत नाही, आणि वजन केल्यावाचून कार्यकर्त्यालाही कळत नाही.

यावर दोन उपाय आहेत व दोन्ही घरचेच आहेत. पहिला म्हणजे तेल. एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम तेल त्या वाटीत घातले तर ४५ उष्मांक वाढतात, म्हणजे पेज जवळजवळ दीडपट होते आणि वाटी तेवढीच राहते. लहान मुलाला तेल-तूप बाधते ही समजूत खरी नाही. दुसरा उपाय मोडांचा. ज्वारी, बाजरी किंवा नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत सुकवून, मंद भाजून दळली तर तिच्या पिठाला एक विशेष गुण येतो. घट्ट शिजविलेल्या लापशीत हे पीठ चमचाभर ढवळून पुन्हा एक उकळी आणली की लापशी आपोआप पातळ होते. पाणी न घालताच ती मुलाला गिळता येईल अशी होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर नाचणीचे सत्त्व काढणाऱ्या आजीबाईंना ही क्रिया हाताने ठाऊक आहे, तिचे शास्त्रीय कारण आता सांगता येते इतकेच. मोड येताना धान्यात जे पाचक द्रव्य तयार होते ते पिठूळ भागाचे विघटन करते.

सहा महिने पुरे होईपर्यंत मात्र अंगावरच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. पहिला चीक पिळून टाकण्याची चाल ज्या घरांत अजून असेल तेथे ती मोडावी.

एका आहाराचे आणि एका शेताचे गणित

पूरक आहार म्हणून मुलाला दिवसाला ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या अनुसूचीत घालण्यात आले. हा आहार घरच्या जेवणाच्या जागी नव्हे, तर त्याच्या जोडीला द्यावयाचा असतो. गावच्या मालातून तो असा साधतो: भाजलेल्या ज्वारीचे पीठ ६५ ग्रॅम, भाजलेली मूगडाळ २० ग्रॅम, शेंगदाण्याचे कूट १५ ग्रॅम, गूळ २० ग्रॅम आणि तेल ५ ग्रॅम. यातून सुमारे ५०० उष्मांक व १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ज्वारीऐवजी बाजरी, नाचणी, तांदूळ वा मका, आणि मुगाऐवजी हरभऱ्याचे डाळे चालेल. ज्या गावी जे पिकते ते घ्यावे. बाजरीत लोह आणि नाचणीत चुना अधिक असतो, तेव्हा ती मिळत असल्यास उत्तमच. हे सर्व एकत्र दळून लापशी करावी, किंवा पाक न करता लाडू वळावेत. एक-दीड वर्षाच्या मुलाला हा एक आहार तीन वेळा विभागून द्यावा, एका बैठकीत तो संपणार नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून सुमारे २०० उष्मांकच लागतात, त्याला त्या मानाने कमी द्यावे.

आता शंभर घरांचे एक गाव धरू. त्यात या वयाची सुमारे चाळीस मुले असतील. महिन्याला पंचवीस दिवस आहार दिला तर महिन्याचे आहार बरोबर एक हजार होतात. म्हणून हिशेब सोपा आहे: एका आहाराला जितके ग्रॅम, तितके किलो महिन्याला. तीन कठीण महिन्यांसाठी ज्वारी १९५ किलो, मूगडाळ ६०, शेंगदाणे ४५, गूळ ६० आणि तेल १५ किलो लागेल.

एवढ्या धान्याला जमीन किती हवी? कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी सव्वातीन क्विंटल धरली तर सुमारे पंचवीस गुंठे पुरतात. ६० किलो डाळीसाठी सुमारे ८० किलो मूग लागतो; एकरी दोन क्विंटल उतारा धरल्यास तो सोळा गुंठ्यांत निघतो. भुईमुगाच्या वाळल्या शेंगा ६५ किलो लागतील, त्या सहा-सात गुंठ्यांत येतात. एकूण क्षेत्र पन्नास गुंठ्यांच्या आतच राहते. सव्वा एकर जमीन चाळीस मुलांचे तीन महिने तारून नेते. मूग निघाल्यावर त्याच रानात रब्बी ज्वारी घेण्याची जेथे वहिवाट आहे तेथे त्याहूनही कमी जमीन लागेल. ज्या गावात अशी जमीन बाजूला काढणे शक्य नसेल तेथे खळ्यावर घरटी दोन किलो ज्वारी काढून ठेवली तरी ज्वारीचा प्रश्न सुटतो. मुष्टिधान्य गोळा करून वसतिगृहे चालविल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. त्याच रीतीने मुलांची कणगी भरणे अवघड नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. आपल्या गावांतून यात्रेला वा सप्ताहाच्या समाप्तीला भंडारा होतो. हजार माणसांच्या पंगतीस माणशी दोनशे ग्रॅम पीठ धरले तरी दोन क्विंटल होते. चाळीस मुलांना तीन महिने लागणारी ज्वारी याहून पाच किलोंनी कमी आहे. भंडारा बंद करा असे सांगण्याचा आमचा अधिकार नाही व तशी इच्छाही नाही. परंतु जी मंडळी भंडाऱ्याचे धान्य एका सायंकाळी गोळा करू शकतात, त्यांना मुलांच्या कणगीचे धान्य गोळा करता येत नाही असे म्हणता येणार नाही. धान्य गोळा करण्याचे काम म्हणूनच भंडाऱ्याच्या कारभाऱ्यांकडे सोपवावे. गावात त्यांचा शब्द चालतो आणि हिशेबाची त्यांना सवय असते.

जामखेडचा अनुभव

हे गणित कागदावरचे आहे अशी शंका येणे साहजिक आहे. म्हणून तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्याचा अनुभव पाहावा. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेथे आरोग्याचे काम करण्यास आले. लोकांनी त्यांना प्रथम औषध मागितले नाही. अन्न आणि पाणी मागितले. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. बाहेरच्या संस्थांच्या मदतीने गावोगावी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली. परंतु शिजविण्याचे, वाढण्याचे व देखरेखीचे काम गावकऱ्यांनीच करावे, असा आग्रह आरंभापासून होता. त्यातून शेतकऱ्यांची मंडळे तयार झाली. पुढे या मंडळांतील शेतकऱ्यांनी मुलांच्या आहारासाठी लागणारे धान्य पिकविण्यास जमिनी दिल्या, आणि दानाच्या पोत्यांवरचा भार उतरू लागला.

त्या कामातील दोन गोष्टी ग्रामकार्यकर्त्यांनी विशेष पाहण्याजोग्या आहेत. कूपनलिका घेताना तिची जागा दलित वस्तीत निवडण्यात येई. त्यामुळे पाण्यासाठी सर्वांना तेथे यावे लागे. एका चुलीवरचे अन्न सर्व मुलांनी एकत्र बसून खावयाचे असेल तर ही तयारी आधी करावी लागते. जेथे स्वयंपाकघराची जागा केवळ वरच्या आळीची सोय पाहून ठरते, तेथे ज्यांना अन्नाची सर्वांत जास्त गरज असते तीच मुले दारात उभी राहतात किंवा येतच नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे कामाची सूत्रे गावातल्याच स्त्रियांच्या हाती देण्यात आली. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, पण मुलाचे वजन घेण्यास, खालावलेले मूल ओळखण्यास व आईशी बोलण्यास त्या शिकल्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खरे श्रेय या बायांचे होते असे ते स्वतःही सांगत.

याउलट अनुभवही आहे. १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साहाय्याने देशात उपयोजित पोषण कार्यक्रम चालविण्यात आला. गावातच अंडी, मासळी व भाजीपाला पिकवावा आणि तो माता-बालकांना मिळावा, ही कल्पना निर्दोष होती. परंतु अनेक ठिकाणी अंडी पिकली आणि बाजारात गेली. यात आश्चर्य नाही. ज्या घरात मिठा-मिरचीला पैसा नसतो ते घर अंडे विकते. त्या घरास दोष न देता, मुलाच्या वाट्याचे धान्य आरंभापासून वेगळ्या कणगीत आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवावे, एवढाच बोध घ्यावा.

अन्न मुलापर्यंत नेणे

अन्न तयार झाले म्हणजे ते मुलाच्या पोटात गेले असे नव्हे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ ठिकाणी सुरू झाली. आज अंगणवाडी नाही असे गाव विरळा. तरीही एक अडचण जुनीच आहे. अंगणवाडीत चालत येते ते चार वर्षांचे मूल. दीड वर्षाचे मूल घरी आजीपाशी वा सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. त्याच्यासाठी शिधा घरी दिला, तर १२५ ग्रॅमचा आहार पाच तोंडांत वाटला जातो आणि मुलाच्या वाट्यास २५ ग्रॅम येतो. येथे आईचा दोष मानणे अन्यायाचे होईल. भुकेल्या घरात एकट्यालाच खाऊ घालणे कोणत्याही आईला जमणार नाही.

अंगणवाडी हा शब्दच या अडचणीतून निघाला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा वस्तीवरची मुले बालवाडीकडे येत नाहीत असे पाहून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. हीच रीत आहारास लावावी. खुरपणीच्या हंगामात सकाळचा आहार बाया शेतावर जाण्यापूर्वी आळीतल्या अंगणात द्यावा. दुपारचा डबा मुलास सांभाळणाऱ्या आजीकडे लाडवांच्या रूपाने पोचता करावा, कारण लापशी दुपारपर्यंत आंबते. तिसरा आहार दिवेलागणीस आई परतल्यावर द्यावा. जेथे एकाच शिवारात दहा-बारा बाया कामास जातात तेथे बांधावर झाडाखाली पाळणे बांधून एका वृद्ध बाईस मुलांजवळ बसवावे आणि तिची मजुरी सर्वांनी मिळून द्यावी. शेतमालकाने यास आडकाठी करू नये; मूल जवळ असलेली बाई दुपारी घरी पळत नाही व खुरपणी वेळेवर उरकते.

आहार कोणास अधिक हवा हे डोळ्यांनी ठरवू नये. महिन्यातून एकदा वजन घ्यावे व तक्त्यावर लिहावे. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलाचा दंडघेर फितीने मोजावा. तो साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास मूल खालावले आहे असे समजावे. साडेअकराच्याही खाली गेल्यास गावच्या लापशीवर विसंबून न राहता मुलास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. मूल सुजलेले असेल, म्हणजे पावलावर बोट दाबले असता खळगा राहत असेल, तर दंडघेर कितीही असो, विलंब करू नये. सुजेने मूल बाळसेदार दिसते आणि घरची माणसे फसतात.

धान्य साठविण्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण दानाचे असो वा शेताचे, पावसाळ्यात धान्य दमट झाले की त्यावर बुरशी चढते. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा भागात बुरशी धरलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. बुरशीचे ते विष शिजवून वा भाजून पुरते जात नाही. शेंगदाण्यास ही बुरशी विशेष लागते. म्हणून दाणे कुटण्यापूर्वी सुरकुतलेले, काळे पडलेले व हिरवट झाक असलेले दाणे हाताने वेचून काढावेत, आणि ते कोंबड्यांनाही टाकू नयेत. ज्वारी कडक उन्हात वाळवून, दाताखाली कडकन फुटेल अशी झाल्यावरच कणगीत भरावी. भाजके पीठ एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच दळावे व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

आहारात पाल्याची उणीव राहते, ती परसबागेने भरून काढावी. मोरीच्या सांडपाण्यावर घरटी एक शेवगा आणि एक पपई लावणे फारसे कष्टाचे नाही. शेवग्याच्या शेंगा आपण आवडीने खातो व पाला टाकून देतो. खरे पाहता अ जीवनसत्त्व व चुना यांचा साठा पाल्यात असतो. कोवळा पाला सावलीत वाळवून त्याची पूड करावी आणि शिजत्या लापशीत चिमूटभर टाकावी.

हिशेबाची वही एकच असावी. तीत आलेले धान्य किलोत लिहावे. पायली-शेराच्या मापाने पुढे वाद होतात. किती मुले जेवली, किती आली नाहीत व का आली नाहीत, हे रोज लिहावे. ग्रामसभेत ती मोठ्याने वाचावी. बाहेरच्या संस्थेकडून मदत आली असल्यास तीही त्याच वहीत, पण वेगळ्या रकान्यात लिहावी. वर्षागणिक तो रकाना लहान होत आहे की मोठा, हे गावास दिसले पाहिजे. देणाऱ्या संस्थेशी आरंभीच बोलून घ्यावे की पहिल्या वर्षी धान्य द्यावे, दुसऱ्या वर्षी त्याऐवजी बियाणे, वजनकाटा आणि कणग्या द्याव्यात. समंजस संस्था हे आनंदाने मान्य करतात. जी संस्था केवळ पोती वाटण्याचाच आग्रह धरते तिच्याकडून पोती अवश्य घ्यावीत, मात्र गावाचे वेळापत्रक तिच्या हाती देऊ नये.

वेळापत्रकाचा विचार पेरणीपासून करावा लागतो. आषाढात लागणारा मूग त्याच वर्षीचा असू शकत नाही, कारण जूनमध्ये पेरलेला मूग ऑगस्टअखेर हाती येतो. म्हणजे पुढील वर्षीच्या डाळीसाठी या मृगातच पेर केली पाहिजे. भुईमूग त्याच वेळी पेरावा, रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून हस्ताच्या पावसावर. ज्वारीची खळी फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, तेव्हाच मुलांचा वाटा मोजून काढावा. पाडव्यानंतर तो मागावयास गेल्यास धान्य बाजारात गेलेले असते. जमीन कोणाची, बैल वा ट्रॅक्टर कोणाचा, राखण कोणाकडे, याचा ठराव मेअखेरच्या ग्रामसभेत व्हावा. गूळ मार्चपूर्वी, गुऱ्हाळे चालू असतानाच घेऊन ठेवावा, पावसाळ्यात तो पाझरतो व महागही पडतो.